वास्कोत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

नौदल, गोवा शिपयार्ड, मुरगाव बंदर, दाबोळी विमानतळ, झुआरीनगरचा खत कारखाना. यांपैकी कुठल्या ना कुठल्या कामासाठी सांगली-मिरजेकडून, कोल्हापूर-बेळगावहून, सिंधुदुर्गातून मराठी कुटुंबे वास्कोत येत असतात. मीही तसाच आलो आणि इथलाच झालो. आता नवे कुणी आले, की घर कुठे बघू, पोरांना शाळा कुठली, असे विचारत माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

आधी एक सांगतो. वास्को हे बाहेरून आलेल्यांनी उभे केलेले शहर आहे. भोवतालची चिखली, सांकवाळ ही गावे जुनी आहेत, त्यांची देवळे, चर्च, शेते आणि घराणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. पण बाजार, स्टेशन आणि धक्का यांच्याभोवतीचे शहर बंदर आणि रेल्वेमुळे वसले. त्यामुळे इथे परकेपणा फार दिवस टिकत नाही. मात्र तो घालवायला तुम्हाला कॉलनीच्या फाटकाबाहेर पडावे लागेल. काही कुटुंबे तीन वर्षे नौदलाच्या वरुणापुरी वसाहतीत किंवा कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहून बदली होऊन जातात आणि त्यांनी वास्को पाहिलेलेच नसते. याचे मला खरोखर वाईट वाटते.

इतिहास थोडा तरी ठाऊक हवा, कारण रोज त्याच्या अंगावरूनच जाणार आहात. मुरगावचा किल्ला पोर्तुगीजांनी 1624 मध्ये बांधायला घेतला. 1683 मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली, मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांची राजधानी हादरली. तेव्हाचा व्हाईसरॉय कोंद द आल्व्होर याने राजधानीच मुरगावला हलवायचे ठरवले. कामही सुरू झाले, पण राजधानी काही आली नाही. ती पुढे 1843 मध्ये पणजीला गेली आणि मुरगावचे भाग्य उघडायला आणखी काही दशके लागली. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, इंग्रजी भांडवलाची कंपनी निघाली आणि 1888 मध्ये मुरगावपासून दूधसागरवरून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रेल्वे धावू लागली. बंदर आणि रेल्वे एकाच योजनेतून जन्माला आले. घाटमाथ्यावरचा माल समुद्रापर्यंत आणायचा, हा त्यामागचा हिशेब. माणसे त्या मालाबरोबर आली. ज्या वास्को द गामाचे नाव शहराला आहे, त्याचा या वसाहतीशी तेवढाच संबंध.

दुसऱ्या महायुद्धातली एक घटना इथल्या पोरांनाही फारशी माहीत नसते. पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून जर्मनीची एहरेनफेल्स, द्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही जहाजे आणि इटलीचे आन्फोरा मुरगाव बंदरात आश्रयाला येऊन पडली होती. एहरेनफेल्सवरच्या छुप्या ट्रान्समीटरवरून दोस्तांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना पोचते, असा इंग्रजांचा संशय होता. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळ पलटणीतले प्रौढ सभासद एका बार्जमधून बंदरात शिरले आणि त्यांनी एहरेनफेल्सवर हल्ला केला. जर्मन खलाशांनी स्वतःच जहाज बुडवले, उरलेल्या तिन्ही जहाजांचीही तीच गत झाली. संध्याकाळी सडा या उंचावरच्या भागातून बंदराकडे बघाल तेव्हा हे पाणी तेच आहे, हे लक्षात ठेवा.

आणि 1961. गोवा मुक्तीच्या कारवाईत 18 डिसेंबरला याच बंदराच्या तोंडाशी आय.एन.एस. बेतवा आणि बियास यांनी अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज युद्धनौकेला गाठले. मारा बसल्यावर ती नौका पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन रुतली. त्याच कारवाईत अंजदीव बेट घेताना नौदलाचे 7 जण कामी आले. त्यांचे स्मारक वास्कोतल्या आय.एन.एस. गोमंतक या नौदल तळावर आहे. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांची, ती हवाई दलाने बॉम्बफेक करून निकामी केली होती. 1962 मध्ये ती नौदलाच्या ताब्यात आली आणि 1964 मध्ये आय.एन.एस. हंसा हा तळ कोइमतूरजवळून इथे हलला. मुरगाव हे नाव आता नौदलाच्या एका विनाशिकेलाही आहे. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही नौका 18 डिसेंबर 2022 ला सेवेत आली. गोवा शिपयार्डची सुरुवातही पोर्तुगीज काळातली, 1957 ची.

पोरांना हे सगळे तोंडी सांगण्यापेक्षा बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात न्या. सी हॉक, आलिझे, सी हॅरियर ही विमाने तिथे अंगणातच उभी आहेत. सोमवारी ते बंद असते.

आता घराचे. मुरगाव नगरपालिकेच्या हद्दीत बाजार, बायणा, मांगोर, नवे वाडे, सडा हे भाग येतात, चिखली आणि दाबोळी पंचायतीत. बंदरात किंवा शिपयार्डात नोकरी असेल तर बाजाराजवळ किंवा नव्या वाड्यात राहणे सोयीचे. सडा उंचावर आहे, वारा छान, दोन्ही बाजूंना समुद्र. पण बंदरात कोळसा उतरतो आणि वाऱ्याबरोबर त्याची काळी पूड बंदराच्या बाजूच्या घरांत येते. इथल्या लोकांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे आणि माझे मत त्यांच्याच बाजूने आहे. घरात दमेकरी माणूस किंवा तान्हे मूल असेल तर चिखली-दाबोळीकडेच घर बघा. घर पाहायला गेलात की खिडकीच्या कडेवरून बोट फिरवा. दुसरे म्हणजे पाणी किती वाजता येते, जमिनीखालचा हौद (इथे त्याला संप म्हणतात) आणि टाकी केवढी आहे, हे घरमालकाला न विचारता शेजाऱ्याला विचारा. पाणी लांबून, साळावली धरणाच्या योजनेतून येते आणि उन्हाळ्यात ओढाताण होते. भाडेकरूंच्या पडताळणीचा फॉर्म पोलिस ठाण्यात भरला गेला की नाही, तेही पहिल्याच आठवड्यात बघा, मालकावर सोडू नका. कायम राहायचा विचार असेल तर पहिल्या दिवसापासूनची भाडेकरारपत्रे, वीजबिले, शाळेचे दाखले जपून ठेवा. राज्य सरकारी नोकरीसाठी 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात, आणि तेव्हा जुने कागद शोधताना माणसे रडकुंडीला येतात.

नौदलाच्या कुंपणाजवळ फोटो काढू नका, ड्रोन तर घरातच ठेवा. पाहुणे आले की मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

भाषेबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण आपली माणसे इथेच दुखावतात आणि दुखावून घेतात. गोव्यात मराठीची मुळे खोल आहेत. देवळातली भजने, जत्रेतली नाटके, सरकारी प्राथमिक शाळा, सकाळचे वर्तमानपत्र, सगळीकडे मराठी दिसेल. ‘गोमन्तक’ हे दैनिक मुक्तीनंतर तीनच महिन्यांत, 24 मार्च 1962 ला सुरू झाले. हे बघून आपल्याला वाटते, हे आपलेच की. पण 16 जानेवारी 1967 ला गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावर मतदान केले आणि 34,021 मतांच्या फरकाने वेगळे राहायचे ठरवले. 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली. यामागे घरोघरी झालेले वाद आहेत, काही घरांत दोन भावांची मते दोन बाजूंना होती. म्हणून चहाच्या टपरीवर बसून ‘कोकणी म्हणजे मराठीचीच बोली’ हे विधान करू नका. समोरचा हसून ऐकून घेईल, पण तुमच्याशी पुन्हा मनापासून बोलणार नाही. कोकणी शिका. मराठी माणसाला ती सहा महिन्यांत समजते आणि तोडकीमोडकी बोललात तरी लोक कौतुक करतात. पुरुषाला ‘बाब’, बाईला ‘बाय’ म्हणा, निघताना ‘देव बरें करूं’ म्हणा. कधी कुणी ‘घाटी’ किंवा ‘भायलो’ म्हणेल. ते लागते, मलाही लागले आहे. पण लहान राज्यात बाहेरून माणसे येतच राहिली, जमिनीचे भाव चढले, यामागची त्यांची धास्ती खोटी नाही. वास्कोत कन्नड, मल्याळी, तेलुगू, हिंदी बोलणारेही भरपूर आहेत, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

रोजच्या जगण्याच्या गोष्टी आपोआप कळतील. सकाळी आणि संध्याकाळी पोदेर सायकलवरून हॉर्न वाजवत येतो, त्याच्याकडून पाव, उंडे, पोळी घ्या. आणि हो, इथे पोळी म्हणजे कोंड्याचा पाव. दुपारी एक ते चारच्या दरम्यान बरीच दुकाने बंद असतात, कामे सकाळीच उरका. मासे खारीवाड्याच्या धक्क्यावर उतरतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत ट्रॉलरना बंदी असते, तेव्हा गोवेकर खारे मासे आणि नदी-खाडीतल्या मासळीवर भागवतात.

विमानाचे तिकीट काढताना दाबोळी की मोपा हे नीट वाचा. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू झाला आणि तो पार पेडण्यात आहे. पणजी आणि मडगावला कदंब या सरकारी बससेवेच्या शटल बसने जा, मधे थांबत नाहीत. पुणे, सातारा, मिरजेकडे जाणाऱ्यांसाठी गोवा एक्स्प्रेस इथूनच सुटते, त्यामुळे सामान घेऊन निवांत बसता येते. मुंबई-कोकणात जायचे तर बहुतेक वेळा मडगाव गाठावे लागते.

आणि श्रावणात कुठेही जाऊ नका. नागपंचमीच्या पाठोपाठ श्री दामोदर भजनी सप्ताह येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात रोगाची साथ आली, माणसे मरू लागली, तेव्हा इथल्या लोकांनी जांबावलीला जाऊन दामोदराला साकडे घातले आणि प्रसादाचा नारळ आणून अखंड भजन सुरू केले, अशी परंपरा सांगतात. तेव्हापासून दर वर्षी नवा श्रीफळ देवासमोर ठेवतात, चोवीस तास भजन चालते, एका पथकाकडून दुसऱ्याकडे, एक क्षणही खंड न पडता, आणि आदल्या वर्षीचा नारळ मिरवत नेऊन समुद्रात सोडतात. संध्याकाळी वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुका, निघतात, चित्ररथ असतात, नामवंत गायक रात्रभर गातात. स्वतंत्र पथ या रस्त्यावर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते, तिथे बांगड्या, भांडी, खाजे घ्यायला सगळ्या धर्मांचे लोक येतात. मला या सोहळ्याबद्दल फार प्रेम आहे. बंदरात, रेल्वेत, दुकानांत राबणाऱ्यांनी संकटात एकत्र येऊन जे सुरू केले, ते अजून तसेच चालू आहे, आणि त्यात गायले जाणारे अभंग तुमच्या आजीने म्हटलेलेच आहेत. टाळ वाजवता येत असेल तर महिनाभर आधी जवळच्या देवळातल्या भजनी मंडळात जा. तालमी आषाढातच सुरू होतात, आणि कुठून आलात हे कुणी विचारले तरी ते चहा पुढे करतानाच विचारतील.

नोव्हेंबरअखेर सेंट अँड्र्यू चर्चचे फेस्त, म्हणजे सण, असते आणि 16 जानेवारीला सांकवाळला संत जुझे वाझ यांचे. शेजारचे ख्रिस्ती कुटुंब बोलावेल, तेव्हा जरूर जा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांना घरी बोलवा, नेवऱ्या (करंज्या) आधीच जास्त करून ठेवा. फुटबॉलची आवड असेल तर टिळक मैदानावर सामना कधी आहे ते दुकानदाराला विचारा, त्याला नक्की ठाऊक असते.