हेडलाईटचा उजेड वाढवायचाय? बल्ब बदलायच्या आधी रिले टाका

गळीत हंगाम सुरू झाला की रात्री कोल्हापूर-गगनबावडा रोडला गाडी चालवणं काय असतं ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढं उसाची डबल ट्रॉली, मागं ना लाल लाईट ना रिफ्लेक्टर, समोरून कोणतरी पांढरा एलईडी डोळ्यावर मारतंय आणि आपला उजेड पिवळा, मिणमिणता. मग माणूस दुकानात जातो आणि 100/90 वॅटचे बल्ब बसवून येतो. मी पण तेच केलं होतं. महिन्याभरात करूळ घाटात डावा लाईट गेला, बघतोय तर मागचा कपलर (बल्बला वायरी जोडणारा प्लग) वितळून बल्बला चिकटलेला. पाऊस, धुकं, घरची सगळी गाडीत. त्यानंतर हे काम नीट शिकून घेतलं, म्हणून लिहितोय.

दुखणं बल्बात नसतं, वायरिंगमध्ये असतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून बारीक वायरीनं फिरून येतो, कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात आणि वाटेतच व्होल्टेज पडतं. हॅलोजनला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ 30 टक्के कमी होतो. म्हणून आधी मोजा. इंजिन चालू, लाईट चालू, मल्टीमीटर पहिला बॅटरीवर आणि मग कपलर बल्बला लावलेलाच ठेवून मागून त्याच्या पिनांवर. माझ्या गाडीला बॅटरीवर 13.9 आणि बल्बवर 12.1 आलं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर रिले टाकायचाच. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा स्विच, जुना स्विच फक्त त्याला चालू करतो आणि बल्बचा करंट बॅटरीवरून जाड वायरीनं सरळ येतो.

सामान म्हणजे 12 व्होल्टचे 30 अँपिअरचे दोन रिले (एक लो बीमला, एक हाय बीमला), 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, दोन फ्यूज होल्डर, 15 अँपिअरचे फ्यूज, सिरॅमिकचे एच4 कपलर (एच4 म्हणजे लो आणि हाय एकाच बल्बात असलेला तीन पिनांचा बल्ब) आणि हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. तयार हार्नेस (जोडलेल्या वायरींचा संच) पण मिळतो, पण त्याची वायर हातात घेऊन बघा, कारण वरचं प्लास्टिक जाड आणि आत तांबं चार केसांएवढं असा माल भरपूर आहे.

बॅटरीची मायनस काढून मगच कामाला लागा. बॅटरीच्या प्लसवरून दोन वायरी, दोन्हीला बॅटरीपासून वीतभर अंतरात वेगळा फ्यूज, म्हणजे घाटात एक उडाला तरी दुसरा बीम राहतो. रिलेच्या पिनांवर नंबर असतात, त्या वायरी 30 नंबरच्या पिनला. 87 वरून जाड वायर दोन्ही बल्बला, आणि बल्बची अर्थ (मायनस) पण तेवढ्याच जाड वायरीनं, रंग खरवडून बॉडीला. अर्थ बारीक ठेवली तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

आता 85 आणि 86, म्हणजे रिलेला चालू करणाऱ्या पिना, इथं लई जण फसतात. काही गाड्यांत बल्बच्या कॉमन पिनवर (लो-हाय दोन्हीची सामाईक) प्लस असतो आणि स्विच मायनस जोडतो. अशा गाडीत 85 सरळ बॉडीला अर्थ केली तर रिले चालणारच नाही. त्यापेक्षा 85 आणि 86 दोन्ही एका बाजूच्या जुन्या कपलरमधूनच घ्या, लोच्या रिलेला कॉमन आणि लो, हायच्या रिलेला कॉमन आणि हाय, मग गाडी कुठल्याही पद्धतीची असू दे. फक्त रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असेल तर प्लस-मायनस बघून जोडा. दुसऱ्या बाजूचा जुना कपलर टेप गुंडाळून बांधून टाका. सगळे जोड क्रिंप करून (पकडीनं दाबून) वर हीट श्रिंक, नुसती काळी टेप आपल्या पावसात टिकत नाही. रिले तोंड खाली करून लावा म्हणजे पाणी साठत नाही, आणि वायरी रेडिएटरच्या फॅनपासून लांब.

बल्ब मात्र 60/55 वॅटचाच ठेवा आणि काचेला बोट लावू नका, तेलकट डागामुळं तिथं जास्त तापून बल्ब लवकर जातो. एलईडी किट का नको, तर आतला रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेचा हिशेब धरून बनवलेला असतो, तिथं दुसरं काही घातलं की उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यात जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्याबद्दलचं) आडवं येतं ते वेगळंच.

लेन्स पिवळी पडली असेल तर पाणी मारत 800, 1500, 2000 आणि शेवटी 3000 नंबरचा पॉलिश पेपर, मग पॉलिश. त्यावर यूव्हीचा क्लिअर कोट हवाच, टूथपेस्टनं घासलेली काच थोड्याच महिन्यात परत पिवळी होते.

शेवटचं काम बीम लावायचं, आणि ते टाळू नका, उजेड वाढल्यावर त्याची जास्तच गरज आहे. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर कोणतरी बसवा. भिंतीपासून 5 मीटरवर गाडी लावा, बल्बच्या मधोमध जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा आणि लो बीमची वरची सपाट कड त्या खुणेच्या 5 ते 7 सेंटीमीटर खाली येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवा. डाव्या बाजूला कड वर चढलेली दिसेल, ती तशीच पाहिजे, रस्त्याकडेची माणसं त्यातच दिसतात.

मग अर्धा तास लाईट लावून गाडी फिरवून आणा, बंद करून कपलर, फ्यूज होल्डर आणि रिलेच्या वायरी हातानं चाचपा. कोमट चालतं, पण बोट ठेववत नसेल तर तिथला जोड ढिला आहे, तो परत करा आणि मगच घाटाकडं निघा.