थीम पार्क उभारणीचे संगणकीय खेळ : सुरुवात कशी करावी

थीम पार्क उभारणीचा खेळ पहिल्यांदा उघडणाऱ्याचा हात बहुधा सर्वांत उंच रोलरकोस्टरकडे जातो आणि तासाभरात त्याच्या तिजोरीत खडखडाट होतो. या खेळांत वरकरणी बांधकाम दिसत असले, तरी पार्क चालतो तो आत फिरणाऱ्या माणसांच्या पोटावर, पायांवर आणि खिशावर. म्हणून नव्या खेळाडूने बांधण्यापेक्षा बघण्यात अधिक वेळ घालवावा, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे आणि पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

खेळ निवडणे

या प्रकाराला १९९४ मध्ये बुलफ्रॉग कंपनीच्या 'थीम पार्क' या खेळाने मोठी लोकप्रियता मिळवून दिली. १९९९ मध्ये ख्रिस सॉयर यांचा 'रोलरकोस्टर टायकून' आला. त्याचा बहुतांश प्रोग्रॅम असेम्ब्ली या यंत्राच्या अगदी जवळच्या संगणकीय भाषेत लिहिलेला असल्यामुळे हजारो पाहुण्यांची गर्दी त्या काळच्या साध्या संगणकांनाही पेलत असे. पहिल्या दोन भागांतील आशय एकत्र करणारी 'रोलरकोस्टर टायकून क्लासिक' ही आवृत्ती आज मोबाइलवरही खेळता येते, आणि शिकण्यासाठी माझी पहिली पसंती तिलाच आहे. कारण तिच्यात प्रत्येक गोष्टीचा हिशेब आकड्यांत समोर दिसतो. सजावट आणि वास्तुरचनेची हौस असेल, तर फ्रंटियर कंपनीचा २०१६ चा 'प्लॅनेट कोस्टर' किंवा पोहण्याचे तलाव आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेला त्याचा २०२४ चा दुसरा भाग घ्यावा; मात्र त्यांना चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक लागतो. २०१८ चा 'पार्किटेक्ट' या दोहोंच्या मध्ये बसतो. त्यात दुकानांपर्यंत माल पोहोचवण्याची व्यवस्थाही आपल्यालाच करावी लागते, आणि ती ये-जा पाहुण्यांच्या नजरेस पडली की त्यांचा विरस होतो. ही कल्पना मोठी गमतीची आहे, पण पहिल्याच दिवशी तिच्या वाटेला जाऊ नये.

पहिला पार्क लहान ठेवणे

बहुतेक खेळांत पैशांचे बंधन नसलेला 'सँडबॉक्स' प्रकार असतो. तो मोकळा वाटतो, पण चूक झाली तरी काही बिघडत नसल्यामुळे त्यातून शिकायलाही फारसे मिळत नाही. त्यापेक्षा ठरावीक उद्दिष्ट असलेला सोपा सिनॅरिओ, म्हणजे खेळात आधीच आखून दिलेला डाव, घ्यावा. 'रोलरकोस्टर टायकून'मधील पहिला सिनॅरिओ 'फॉरेस्ट फ्रंटियर्स' हा आहे. त्यात पहिल्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर पार्कमध्ये किमान २५० पाहुणे आणि किमान ६०० मानांकन (खेळाने पार्कच्या एकूण दर्जाला दिलेले गुण) एवढेच साधायचे असते. या खेळाचे वर्ष मार्च ते ऑक्टोबर असे आठच महिन्यांचे असते, हे वेळेचा अंदाज बांधताना लक्षात ठेवावे.

सुरुवातीला प्रवेशद्वारापासून एकच सरळ रस्ता आत न्यावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-चार स्वस्त, सौम्य राईड बसवाव्यात. मेरी-गो-राउंड, आकाशपाळणा, घसरगुंडी अशा राईड कमी जागेत मावतात आणि लवकर कमावू लागतात. रस्ते जितके कमी, तितके पाहुणे कमी भरकटतात. 'रोलरकोस्टर टायकून'मध्ये दोन-तीन फरश्या शेजारी-शेजारी टाकून रुंद रस्ता केला, तर दिसायला तो छान दिसतो, परंतु खेळाच्या दृष्टीने त्यातील प्रत्येक फरशी हा एक चौक ठरतो आणि पाहुणे तिथल्या तिथे गोल फिरत राहतात. बाहेर पडण्याची वाट न सापडलेले पाहुणे वैतागतात, आणि त्याचा फटका पार्कच्या मानांकनाला बसतो. त्यामुळे या खेळात रस्ता एका फरशीचाच असावा.

पाहुण्यांचे विचार वाचणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. कोणत्याही पाहुण्यावर क्लिक केले की त्याची भूक, तहान, थकवा, मळमळ, खिशातील रक्कम आणि त्याच्या मनात चाललेले विचार दिसतात. शिवाय सर्व पाहुण्यांचे विचार एकत्र करून दाखवणारी यादीही असते. ती दर थोड्या वेळाने उघडावी आणि पुढे काय बांधायचे ते तिच्यावरून ठरवावे. तहान लागल्याची तक्रार वाढली तर पेयाचे दुकान, पाय दुखू लागले तर बाक, आणि स्वच्छतागृहाची तक्रार एकदा जरी दिसली तरी स्वच्छतागृह लगेच उभारावे.

तिकिटाचे दरही याच यादीवरून ठरतात. एखादी राईड फारच स्वस्तात मिळाली असे पाहुण्यांना वाटत असेल, तर ते वाचून खूश होण्यापेक्षा तिचे तिकीट थोडे वाढवावे. 'एवढे पैसे मी देणार नाही' असा विचार वारंवार दिसू लागला की एक पाऊल मागे घ्यावे. राईड जुनी होत जाते तशी तिची किंमत पाहुण्यांच्या नजरेत उतरते, म्हणून एकदा ठरवलेला दर कायमचा मानू नये. पाऊस सुरू झाल्यावर माहिती केंद्रातील छत्रीचा भाव चढवला तरी पाहुणे ती बिनतक्रार घेतात. प्रत्यक्ष आयुष्यात हे वागणे हलकटपणाचे ठरेल, पण खेळात ते चालून जाते.

कर्मचारी नेमणे

सफाई कामगार आणि मेकॅनिक हे पहिल्या राईडबरोबरच नेमावेत. कामगाराला गवत कापण्याचा आदेश दिलेला असेल तर तो बंद करावा, नाहीतर रस्त्यावर घाण साचलेली असताना तो दूर कुरणात रमलेला आढळतो. प्रत्येकाला गस्तीचा ठरावीक भाग नेमून द्यावा. जोरात गरगर फिरवणाऱ्या राईडच्या बाहेरच्या वाटेवर बाक आणि कचरापेट्या ठेवून तिथे एक कामगार कायमचा नेमणे शहाणपणाचे, कारण ओकाऱ्या तिथेच होतात आणि घाणेरडा रस्ता बघून इतरांचाही मूड जातो. मेकॅनिकसाठी प्रत्येक राईडच्या तपासणीचा कालावधी कमी करावा, म्हणजे ती बंद पडण्याआधी दुरुस्त होते.

पहिला रोलरकोस्टर

उद्दिष्टाच्या निम्म्यापर्यंत पाहुणे आले आणि हाती शिल्लक राहू लागली की मगच रोलरकोस्टर घ्यावा, आणि तोही खेळात दिलेला तयार नमुना. तो बांधून त्याचे भाग निरखावेत : स्थानक, साखळीने गाडी वर खेचणारा चढ, पहिली उतरण, आणि त्यानंतर क्रमाने लहान होत जाणाऱ्या टेकड्या. गाडीला वेग पहिल्या चढाच्या उंचीतूनच मिळतो आणि घर्षणाने तो सतत घटतो, त्यामुळे पुढची टेकडी पहिलीइतकी उंच ठेवली तर गाडी ती ओलांडू न शकता मागे घरंगळते.

स्वतःचा मार्ग आखताना आधी खेळ सेव्ह करावा आणि पाहुण्यांना आत घेण्याआधी चाचणी फेरी पूर्ण होऊ द्यावी. फेरीनंतर थरार, तीव्रता आणि मळमळ असे तीन आकडे मिळतात. थरार जितका जास्त तितका चांगला. तीव्रतेचे मात्र तसे नाही. ती १० च्या पुढे गेली की राईडवर बसायला क्वचितच कोणी तयार होते, मग तिच्यावर कितीही खर्च झालेला असो. तीव्रता उतरवण्यासाठी वेगातील सपाट वळणे कलती करावीत, किंवा पहिल्या चढाची उंची थोडी कमी करावी.

एक सावधगिरी आणखी घ्यावी. एकाच मार्गावर दोन गाड्या सोडल्या आणि एखाद्या दिवशी स्थानकाचे ब्रेक निकामी झाले, तर मागची गाडी स्थानकात उभ्या गाडीवर आदळते. पाहुणे दगावतात, मानांकन कोसळते आणि त्या राईडकडे लोक फिरकेनासे होतात. स्थानकात शिरण्याआधीच गाडीचा वेग पुरेसा कमी होईल अशी मार्गाची रचना ठेवावी, आणि हे जमेपर्यंत एकाच गाडीवर भागवावे. रांग लांबलीच, तर तिकीट थोडे वाढवून पाहावे.