ड्रायव्हर उचलण्याआधी स्क्रू नीट बघा

दाराची बिजागरी ढिली झालेली असो, स्विचबोर्ड उघडायचा असो की जुन्या मोटरसायकलचा कार्ब्युरेटर साफ करायचा असो, तयारी हत्यारांच्या पेटीपासून नाही, स्क्रूच्या डोक्यापासून सुरू करायची. खाच गेलेल्या बहुतेक स्क्रूंचा निकाल पहिला फेरा देण्याआधीच लागलेला असतो, कारण हाताला जो ड्रायव्हर लागला तोच आपण लावून मोकळे होतो. कित्येक घरांत तर तो ड्रायव्हर म्हणजे टेस्टरच असतो. तो आधी बाजूला ठेवा. त्याचं टोक जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, मुठीत निऑनचा बारीक दिवा आणि रेझिस्टर. बिजागरीच्या स्क्रूवर जोर लावला की टोक पिळतं, मूठ तडकते, आणि पुढे त्याच तडकलेल्या मुठीच्या भरवशावर आपण प्लगमध्ये करंट आहे का ते बघतो.

गंजलेला स्क्रू असेल तर तयारी आदल्या दिवशी करा. कोकणात किंवा समुद्राजवळच्या घरात पावसाळ्यानंतर खिडक्यांचे स्क्रू हलत नाहीत, हा सगळ्यांचाच अनुभव. गंज सोडवणारं तेल दोन थेंब टाकून रात्रभर राहू द्या. जुन्या दारांवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात आणि खाच रंगाने बुजून गेलेली असते. दाभण किंवा बारीक खिळा घेऊन ती तळापर्यंत कोरा, मग जुन्या टूथब्रशने झाडा. खाचेत रंग उरला की योग्य मापाचा ड्रायव्हरही वरवरच बसतो आणि दोष ड्रायव्हरला जातो.

आता माप. एकाच सरळ खाचेच्या स्क्रूला चपटा ड्रायव्हर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण पात्याची रुंदी आणि जाडी अशी दोन मापं जुळवावी लागतात, हे विसरलं जातं. रुंदी खाचेच्या लांबीइतकी हवी. कमी असली तर सगळा जोर मधल्या तुकड्यावर येऊन खाचेचे काठ उडतात; जास्त असली तर पातं डोक्याबाहेर येऊन भोवतीचं लाकूड खरवडतं. जाडी अशी हवी की पातं खाचेत हललंच नाही पाहिजे. ड्रायव्हरवर १ × ५.५ किंवा १.२ × ६.५ असं छापलेलं दिसलं, तर पहिला आकडा जाडीचा आणि दुसरा रुंदीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या पितळी स्क्रूंच्या बाबतीत जास्तच जपा. पितळ मऊ, ते दुसरी संधी देत नाही.

प्लसच्या खाचेत खरी गंमत आहे, कारण दिसायला सारखे असणारे किमान तीन प्रकार आपल्या घरात नांदत असतात. पहिला फिलिप्स. १९३०च्या दशकात अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यांतून तो पसरला. त्याच्या टोकावर पीएच आणि पुढे आकडा असतो. घरातल्या साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या स्क्रूंना पीएच २ लागतो, त्याहून बारीक, उदाहरणार्थ खेळण्यांच्या किंवा रिमोटच्या स्क्रूंना पीएच १ किंवा पीएच ०, आणि सहा मिलिमीटरच्या जाड स्क्रूंना पीएच ३. शंका असेल तर आधी मोठा लावून बघा, तळाला टेकत नसेल तर एक आकडा खाली या. लहानापासून सुरुवात केली की तो बसल्यासारखा वाटतो आणि तिथेच फसगत होते. सुटा स्क्रू हाताशी असेल तर सोपी परीक्षा आहे: तो ड्रायव्हरच्या टोकावर बसवून ड्रायव्हर आडवा धरा. स्क्रू न पडता टिकला तर माप जमलं. अर्थात टोकाला लोहचुंबक असेल तर ही परीक्षा खोटी.

दुसरा पोझिड्रिव्ह. स्क्रूवर मोठ्या फुलीच्या मधोमध, तिरक्या बाजूंना चार बारीक रेघा दिसल्या तर हा तो. मॉड्युलर किचनच्या कपाटांचे युरोपीय पद्धतीचे कब्जे आणि कित्येक एमसीबी यांचे स्क्रू याच जातीचे असतात आणि त्यांना पीझेड २ लागतो. कपाटाचं दार तिरकं झालं म्हणून आपण पीएच २ घालून कब्जा फिरवतो, तो दोनदा फिरतो, तिसऱ्यांदा घसरतो. फिलिप्सच्या पाकळ्या निमुळत्या, पोझिड्रिव्हच्या जवळजवळ समांतर, म्हणून ही जोडी जुळत नाही. उलटही करू नये. पीझेड ड्रायव्हर फिलिप्स स्क्रूत पूर्ण उतरतच नाही. माझं मत विचाराल तर दहा टोकांचा चमकदार सेट घेण्यापेक्षा एक चांगला पीएच २ आणि एक चांगला पीझेड २ घ्या.

तिसरा प्रकार जपानी, जेआयएस. यामाहा आरएक्स १०० किंवा जुन्या हिरो होंडा गाड्या जपणाऱ्यांनी हा विकत घ्यावाच. फुलीशेजारी एक बारीक ठिपका असेल तर स्क्रू जपानी मापाचा समजा. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत जात नाही, आणि इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू वर्षानुवर्षं तापून घट्ट झालेले असतात; पहिल्याच जोरात खाच गोल होते. असे स्क्रू सोडवायला हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि त्यात योग्य बिट, हा गॅरेजवाल्यांचा जुना आणि बरोबर उपाय आहे.

षटकोनी खाचेला ॲलन की आणि सहा टोकांच्या चांदणीला टॉर्क्स, यांत गोंधळ कमी. फक्त दुकानात ‘स्टार द्या’ म्हणालात तर बहुतेक वेळा फिलिप्सच हातात पडेल, म्हणून टी १० किंवा टी १५ असा आकडा सांगा. आयफोनच्या तळाशी पाच पाकळ्यांचे स्क्रू असतात. त्याचं वेगळं टोक नसेल तर हात लावू नका.

मूठ आणि दांडा शेवटी बघा. पिळण्याची ताकद मुठीच्या जाडीतून मिळते. लांब दांड्याने ती वाढत नाही, फक्त ड्रायव्हर स्क्रूच्या रेषेत सरळ धरायला सोपं जातं. सिंकखाली, कपाटाच्या कोपऱ्यात आखूड ठोकळा ड्रायव्हरच चालतो. विजेचं काम असेल तर मेन स्विच बंद करणं आधी, ड्रायव्हर निवडणं नंतर. आणि तो १००० व्होल्टची खूण असलेला घ्या. दांड्यावर नुसती प्लॅस्टिकची नळी चढवलेली असणं म्हणजे इन्सुलेशन नव्हे.

स्क्रू काढायला लागलात की पिळण्यापेक्षा दाबण्याकडे जास्त जोर ठेवा. ड्रायव्हर वर उचलला जातोय असं वाटलं की तिथेच थांबा आणि माप पुन्हा तपासा. आणखी एक प्रयत्न म्हणून खाच घालवू नका. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्या जागेप्रमाणे मांडा, कारण लॅपटॉपमध्ये लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो आतल्या भागात रुततो. खाच अर्धी गेलेले स्क्रू परत लावू नका. हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुना स्क्रूच खिशात टाका आणि तिथे नवीन स्क्रू त्याच्या शेजारी ठेवून जाडी, लांबी आणि आटे तिन्ही जुळवा. चपट्या, लाकडात बुडणाऱ्या डोक्याचा स्क्रू असेल तर त्याची लांबी डोक्यासकट मोजतात, घुमटाकार डोक्याचा असेल तर डोक्याखालून.