पंधरावी विधानसभा, चौदा निवडणुका: मोजताना या चुका टाळा

महाराष्ट्राची २०२४ साली निवडून आलेली विधानसभा पंधरावी. आता १९६२पासूनच्या विधानसभा निवडणुका बोटांवर मोजा. चौदाच भरतात. स्पर्धा परीक्षेची मुलं इथे हमखास अडकतात आणि एखादी निवडणूक राहिली असं समजून पुन्हा मोजायला बसतात.

मोजणी बरोबरच असते. चुकतं ते ‘पहिली विधानसभा म्हणजे पहिली निवडणूक’ हे गृहीत. १ मे १९६०ला राज्य झालं, पण मतदान झालं नाही. १९५७ला द्विभाषिक मुंबई राज्यासाठी निवडून आलेल्या सभागृहाच्या ३९६ जागांची वाटणी झाली: २६४ महाराष्ट्राकडे, १३२ गुजरातकडे. गंमत बघा, द्विभाषिक मोडण्यासाठी मतं मागणारे संयुक्त महाराष्ट्र समितीचे एस. एम. जोशी आणि आचार्य अत्रे द्विभाषिकाच्याच विधानसभेत बसले होते. १ मेला ते निवडणूक न लढवता महाराष्ट्राचे आमदार झाले. १९६२पर्यंत चाललेलं हे सभागृह आपण पहिलं म्हणून मोजतो.

लगेच हाच हिशेब उत्तराखंडला लावू नका. ९ नोव्हेंबर २०००ला राज्य झाल्यावर तिथे ३० जणांची अंतरिम विधानसभा होती, पण क्रमांकात ती धरत नाहीत. २००२ला निवडून आलेली ७० जागांची विधानसभा तिथली पहिली. (जुन्या प्रश्नसंचात ‘उत्तरांचल’ दिसलं तर गोंधळू नका, नाव २००७ला बदललं.)

त्या तिसांत सगळे उत्तर प्रदेश विधानसभेचेच होते असंही लिहू नका. नव्या राज्यात विधान परिषद नव्हती, त्यामुळे त्या भागातल्या परिषद सदस्यांनाही याच सभागृहात जागा मिळाली. पहिले मुख्यमंत्री नित्यानंद स्वामी परिषदेचे. त्यांच्यानंतरचे भगतसिंह कोश्यारीही परिषदेचेच. हो, तेच, आपले माजी राज्यपाल.

अशी सभागृहं चार महिन्यांची पाहुणी असतात, हाही गैरसमज. छत्तीसगडचे ९० आमदार १९९८ला मध्य प्रदेशासाठी निवडून आले होते. नव्या राज्यात निवडणूक झाली थेट २००३ला. झारखंडात २०००चं सभागृह २००५पर्यंत चाललं.

आणि तेलंगणात असलं सभागृह शोधत बसू नका. तिथे मतदान एप्रिल २०१४ला झालं, राज्य २ जूनला आलं.