ब्रोमेलेन आणि सूज: ‘रिसर्च’ वाचताना या चुका टाळा

ब्रोमेलेन म्हणजे अननसाच्या खोडातून काढलेलं एन्झाइम. सूज उतरवतं म्हणून खपतं, आणि ‘रिसर्च आहे’ म्हटलं की आणखी खपतं. सात रस्त्याजवळच्या आमच्या मेडिकलमध्ये हा रिसर्च बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच येतो.

पहिली चूक, जी बघून मी खरंच कंटाळलोय: सूज उतरली की श्रेय गोळीला. अक्कलदाढ काढल्यावर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग आठवडाभरात बरीचशी ओसरते. काहीच न घेणाऱ्याचीही. मागे एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, गुळगुळीत पत्रक घेऊन आला होता. त्यावर सुजेचा आलेख, झोकात खाली येणारी एकच रेघ. “सर, सातव्या दिवशी सूज गायब!” म्हटलं, गोळी न घेतलेल्यांची रेघ कुठाय? त्यानं पत्रक उलटून पाहिलं, नव्हतीच. खाली मुंगीएवढ्या अक्षरात मात्र दोन गोष्टी होत्या: गोळीत ब्रोमेलेनसोबत ट्रिप्सिन आणि रुटोसाइड ही आणखी दोन द्रव्यंही आहेत, आणि सगळ्यांना डायक्लोफिनॅक, म्हणजे सूज-दुखण्याचं नेहमीचं औषध, चालू होतं. मग सूज उतरवली कोणी? पत्रकावर चित्र फक्त अननसाचं. पोरगा चहा अर्धा टाकून उठला.

म्हणून मी पेपरचा निष्कर्ष शेवटी वाचतो. आधी तक्ता काढतो, दुसऱ्या गटाला काय दिलं ते बघतो आणि सोबतच्या औषधांवर पेन्सिलीनं गोल करतो. सारांश वाचून मोकळे होणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तेवढा वेळ नाही.

प्रयोगात उंदराच्या पंजाची सूज उतरली म्हणजे आजीच्या गुडघ्याची उतरेल असं नाही. गुडघ्याच्या संधिवातावर 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत रोज 800 मिलिग्रॅम, 12 आठवडे देऊनही औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा फरक दिसला नाही. हा पेपर कोणी फॉरवर्ड करत नाही.

नुसते मिलिग्रॅम जुळवू नका. एन्झाइमची ताकद जीडीयूसारख्या (जिलेटिन किती पचवतं त्यावरून ठरणाऱ्या) एककात मोजतात, ती पाहा.

भाजलेल्या जखमेवर लावायच्या ब्रोमेलेनला युरोप-अमेरिकेत मान्यता आहे. ते मलम, मेलेली कातडी काढायला. गोळीशी त्याचा संबंध नाही.

आणि “नैसर्गिकच आहे ना, मालक?” असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. एकाच पायाला अचानक सूज आली असेल तर मी काहीच विकत नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवतो.