प्रिंट बिघडली? कार्ट्रिज फेकण्याआधी पान बघा

जून लागला की माझा फोन वाजायला लागतो, आणि प्रश्न ठरलेला असतो. "काका, प्रिंट खराब येतेय. कार्ट्रिज आहे का?" आहेत की, फळीवर दहा पडलीत. विकली तर माझंच भलं. पण मी विचारतो, खराब म्हणजे कशी? पुसट की काळपट? रेघ उभी की आडवी? डाग एकाच जागी पडतो की फिरतो? पलीकडे शांतता. मग हळूच, "थांबा हां, बघून सांगतो."

हे "बघून सांगतो" फोन करायच्या आधी का होत नाही, हे कोडं मला अठरा वर्षांत सुटलेलं नाही.

कुडाळला माझं छोटं दुकान आहे. सेवा केंद्रं, शाळा, पतसंस्था, दोन-चार वकील आणि सीझनला आंबेवाले, एवढं गिऱ्हाईक. मशीनं बहुतेक जुने लेझर प्रिंटरच. एचपीचं १०२०, एम१००५, कॅननचं एलबीपी २९००. चिवट जात आहे ही. माणसाने छळलं नाही तर सहसा मरत नाही.

रीम उघडी टाकणं

पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा प्रिंटरचा दोषच नसतो. दोष कागदाचा असतो. हे सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारा काम टाळतोय.

एका जुलैतली गोष्ट. आंबेरीच्या बाजूला एका पोराने नवीन सेवा केंद्र काढलं होतं. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, असली कामं. प्रिंट ढगाळ यायला लागली. मजकूर मध्येच गायब, मध्येच ठीक. त्याने कार्ट्रिज बदललं. तरी तेच. ऑनलाइन दुसरं मागवलं. तरी तेच. मग कुणीतरी त्याला ड्रम, म्हणजे कार्ट्रिजमधली फिरणारी नळी, विकला. दोन हजारांच्या वर खर्च झाल्यावर त्याला माझी आठवण झाली. मी भर पावसात स्कूटर घेऊन गेलो.

मी मशीन उघडलंच नाही. एक पान काढायला सांगितलं आणि ते बाहेर येताना बघत उभा राहिलो. पान बाहेर पडलं ते कडेला वळलेलं, हाताला ओलसर-गरम, आणि फटीतून बारीक वाफ. दुसरं पान काढलं. पुसट ठिगळं होती, पण पहिल्या पानावर होती त्या जागी नव्हती. मशीनचा दोष एवढा लहरी नसतो. मी विचारलं, "कागद खंय ठेवतंस?" त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत फाडलेली रीम, वर कौलातून येणारी झड.

"अरे, पावसात पापडाचो डबो उघडो ठेवतंस काय घरात?"

"नाय. आये मारतली."

"मगे कागद कित्याक ठेवलंस?"

माझ्या पिशवीत न फोडलेली रीम असते, जून ते सप्टेंबर कायम. ती फोडून पाच पानं काढली. स्वच्छ, काळीभोर. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण पहिलं कार्ट्रिज, जे बिचारं धडधाकट होतं, ते त्याने भंगारवाल्याला दिलं होतं.

असं का होतं ते एकदा समजून घ्या. ड्रमवर टोनरचं, म्हणजे काळ्या पावडरचं चित्र तयार होतं, ते कागदावर उतरवायला कागदाच्या मागून ट्रान्सफर रोलर विजेचा भार देतो. त्या भाराच्या ओढीने पावडर ड्रम सोडून कागदावर येते. कागद दमट असला की भार त्यावर टिकत नाही, निसटून जातो. ओढ कमी पडते आणि पावडर ड्रमवरच राहते. पुढे फ्युजरमध्ये, म्हणजे पावडर भाजून कागदावर पक्की करणाऱ्या भागात, दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखाली पान जातं, तिथे उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते, आणि जी काही पावडर आलेली असते ती नीट वितळत नाही. बोट फिरवलं की हाताला लागते. म्हणजे एका ओल्या कागदाने ट्रान्सफरचा, फ्युजरचा आणि वर पेपर जॅमचा असे तीन आजार दाखवले. नवशिका तिन्हींचे पार्ट बदलतो.

बहुतेक प्रिंटरांच्या पुस्तिकेत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे जुलैत तो ९०च्या आसपास घुटमळतो. रीमचं वेष्टन आतून ओल अडवणारं असतं ते शोभेसाठी नाही. ते टराटरा फाडून कचऱ्यात टाकणाऱ्याला मी काही बोलत नाही, फक्त बिल जरा सावकाश लिहितो.

माझी सवय अशी: ट्रेमध्ये दिवसाला लागतील तेवढीच पानं. उरलेली रीम वेष्टनासकट पत्र्याच्या घट्ट डब्यात. संध्याकाळी दुकान बंद करताना ट्रेमधली पानंही डब्यात. जास्त रीम असतील तर लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब, कागदापासून हातभर लांब. एका पतसंस्थेत हे सांगितलं तर त्यांनी वीज वाचवायला तिथे एलईडी लावला. उजेड मस्त पडला. कागद तसेच ओले.

आणि इस्त्री करू नका. हे मला लिहावं लागतंय, कारण एका शाळेतल्या क्लार्कने परीक्षेच्या आदल्या दिवशी शंभर-दीडशे पानांना इस्त्री केली होती. पानं इतकी कोरडी झाली की एकमेकांना चिकटून तीन-तीन आत जायला लागली. अति कोरड्या कागदावर स्थिर वीज साठते.

ड्रम "जरा पुसून घेणं"

हे पाप मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगायचा अधिकार आहे.

सावंतवाडीला एका दुकानात शिकाऊ होतो. मालक जेवायला गेलेले. एका कार्ट्रिजच्या ड्रमवर मला डाग दिसला. मी ड्रम काढला, नीट दिसावं म्हणून अंगणात उन्हात नेला, आणि बनियनच्या चिंधीला थिनर लावून असा काही चोळला की फडक्यावर निळसर रंग उतरला. मला वाटलं घाण निघतेय. घाण नव्हती, ड्रमच होता तो.

ड्रम म्हणजे ॲल्युमिनियमची नळी आणि तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील असा पातळ लेप. सगळं काम त्या लेपाचं. अंधारात तो भार धरून ठेवतो आणि लेझर पडेल तिथे सोडतो. जिथे भार सुटला तिथे पावडर बसते. म्हणजे लेप जिथे निघाला तिथे भार धरायला कुणी उरलाच नाही, आणि प्रिंटरला वाटतं की इथे छापायचंय. मी बसवलेल्या त्या ड्रमने पानावर रुंद काळा पट्टा दिला, आणि उरलेलं पान उन्हामुळे राखाडी. मालकांनी आल्यावर पान उचललं, खिडकीकडे धरलं, आणि माझ्या त्या महिन्याच्या पगारातून ड्रम वजा केला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून ड्रम बाहेर काढला की आधी त्याच्यावर काळं फडकं टाकतो, मग चहा. पुसायचाच असेल तर मऊ, सुक्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने, दाब न देता. स्पिरिट नाही, थिनर नाही, फुंकर तर अजिबात नाही. फुंकरीतून थुंकी उडते. आणि ओरखडा पडलेला ड्रम पुसून बरा होत नाही, बदलावा लागतो.

फूटपट्टी न वापरणं

माझ्या खिशात पेचकसाआधी फूटपट्टी असते. पोरं हसतात. हसू देत.

पानावर एकाच उभ्या ओळीत ठिपके पुन्हापुन्हा येत असतील तर दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. आतला प्रत्येक रोलर गोल फिरतो, त्याच्या अंगावरची खोट दर फेरीला एकदा छापली जाते. एचपीच्या १२ए आणि ८८ए कार्ट्रिजमधल्या ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर, म्हणजे घेर ७५ मिलिमीटरच्या जरा वर. अंतर साडेसात सेंटिमीटर आलं की आरोपी ड्रम. पावणेचारच्या आसपास आलं की ड्रमला भार देणारा पीसीआर रोलर. दोन्हींपैकी काहीच जुळलं नाही तर नजर ड्रमला पावडर पुरवणारा मॅग रोलर, ट्रान्सफर रोलर आणि फ्युजरकडे वळवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

फ्युजरवर संशय असेल तर आणखी एक युक्ती. पान अर्ध्यावर असताना दार उघडा आणि फ्युजरच्या आधी अडकलेला कागद हळूच बाहेर काढा. अजून न भाजलेल्या त्या पानावर छपाई स्वच्छ असेल तर कार्ट्रिज निर्दोष आहे. पानावर पुसट आणि ड्रमवर अजून पावडर दिसत असेल तर अडचण ट्रान्सफरची किंवा, पुन्हा तेच, कागदाची. फ्युजरला मात्र हात लावू नका, भाजतं.

अर्धा सोललेला स्टिकर

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्याकडे पेटीवर स्वतःच्या नावाचं स्टिकर चिकटवायची हौस वाढली. हौस चांगली आहे. पण स्टिकरचा कागद लेझरचा घ्यायचा की इंकजेटचा, हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईक बघत नाही. इंकजेटचा गोंद फ्युजरच्या उष्णतेत पाझरतो.

देवगडकडचा एक बागायतदार, एप्रिलचा तिसरा आठवडा, मुंबईची गाडी संध्याकाळी सुटणार. चोवीस स्टिकरांच्या पानातले दहा वापरून झालेले. काटकसर म्हणून तेच पान पुन्हा ट्रेमध्ये घातलं. सोललेल्या जागेच्या काठावरचा एक स्टिकर आत सुटला आणि फ्युजरच्या टेफलॉनच्या आवरणाला गुंडाळून बसला. इथपर्यंतही वाचलं असतं. पण मुलाने व्हिडिओ बघून ब्लेड घेतलं. स्टिकर निघाला, सोबत टेफलॉनला चीर. नंतर दर पानावर ठरावीक अंतराने काळा फरांटा. टेफलॉन आणि त्यावर कागद दाबणारा प्रेशर रोलर दोन्ही बदलले, तेही दोन दिवसांनी, कारण सीझनला माझ्याकडेही माल नव्हता. त्या दिवशीच्या पेट्या हाताने नाव लिहून गेल्या. एकदा फ्युजरमधून गेलेलं स्टिकरचं पान पुन्हा घालायचं नाही. दहा रुपये वाचतात, फ्युजर जातो.

बाकीच्या चुका, ज्यांच्यावर मी आता चिडतही नाही

झाकण उघडं ठेवून आधार कार्डाची झेरॉक्स काढणं. कार्डाभोवतीचं सगळं पान काळं येतं, आणि मग हेच लोक विचारतात की १२एच्या खोक्यावर २००० पानं लिहिली होती ती गेली कुठे. ती २००० पानं, पानाचा ५ टक्के भागच काळा होईल या हिशेबाने असतात, म्हणजे एखादं छोटं पत्र.

कॉपीवर उभी रेघ येते, पण कॉम्प्युटरवरून दिलेली प्रिंट स्वच्छ. मग ड्रमला का छळता? वरून कागद ओढून घेणारं मशीन असेल तर स्कॅनरच्या काचेची बारीक पट्टी पुसा. व्हाइटनरचा एक ठिपका पुरतो.

टोनर सेव्ह, म्हणजे पावडर वाचवायला पुसट छापणारी सेटिंग, चालू राहणं. हसू नका, दर महिन्याला एक फोन याचा असतो.

वर भोक पाडून पावडर भरणं. पावडर भरताना वापरलेल्या टोनरचा कप्पा रिकामा करावाच लागतो, नाहीतर तो भरून पानावर सांडतो. आणि १२एची पावडर ८८एमध्ये "चालते" म्हणणाऱ्याच्या मशीनची पानं बघा, सगळी राखाडी.

संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर प्रिंट बोटाला लागते, सकाळी लागत नाही? फ्युजर बदलू नका, वायरमनला बोलवा. घरच्या इन्व्हर्टरवर तर लेझर जोडूच नका. फ्युजर तापताना एकदम जो ओढा पडतो तो त्याला झेपत नाही.

रात्रभर एसीत गार झालेलं मशीन सकाळी खिडक्या उघडून लगेच चालवणं. थंड ताकाच्या पेल्यावर येतं तसं पाणी आतल्या आरशावर येतं. तासभर थांबा.

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचं मशीन उघडं राहिलं तर चालू करण्याआधी कागद ओढायच्या फटीत टॉर्च मारा. कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं मी तीनदा काढलंय. पालींचं तर विचारूच नका.

पावडर अंगावर सांडली तर आधी झटका, मग थंड पाणी. गरम पाण्यात कपडे टाकले तर ती धाग्यात जाऊन बसते, कारण टोनर म्हणजे बारीक प्लॅस्टिकच. घरच्या व्हॅक्यूमनेही ओढू नका, पिशवीच्या कापडातून आरपार जाऊन ती खोलीभर उडते. माझे दुकानातले दोन शर्ट वेगळे ठेवलेत, ते घरच्या बादलीत पडले की काय होतं ते बायकोला विचारा.