पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड घरी कसे निवडावेत आणि कसे बदलावेत

इंदुरात ‘ट्रक’ या एका शब्दात छोट्या हाथीपासून बारा चाकी गाडीपर्यंत सगळे येते, म्हणून हा लेख कोणत्या गाडीसाठी आहे ते आधीच स्पष्ट केलेले बरे. टाटा एस, बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त अशा लहान मालवाहू गाड्यांना पुढच्या चाकांवर डिस्क आणि मागच्या चाकांवर ड्रम ब्रेक असतात. त्यांतील पुढच्या डिस्कचे पॅड घराच्या अंगणात बदलणे नीट हत्यारे आणि अर्धा दिवस हाताशी असलेल्या माणसाला जमण्यासारखे आहे. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि त्यांच्या चाकांत बहुधा ड्रम व लायनर असतात. त्यांच्या मागच्या ब्रेक चेंबरमध्ये अत्यंत ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. चेंबर चुकीच्या रीतीने उघडले तर ती माणसाचा जीव घेऊ शकते. ते काम घरी करण्याचा विचारही करू नये.

आणखी एक घोटाळा भाषेचा आहे. आपल्याकडचे कित्येक मेकॅनिक डिस्कचे पॅड आणि ड्रमचे लायनर या दोहोंनाही सरसकट ‘लेदर’ म्हणतात. दुकानात नुसते लेदर मागितले तर मागच्या चाकाचे शू (ज्यांवर ड्रमचे लायनर बसते त्या पट्ट्या) हातात पडू शकतात. ‘पुढच्या डिस्कचे पॅड’ असे स्पष्ट सांगावे आणि गाडीचे मॉडेल, वर्ष व चॅसी क्रमांक कागदावर लिहून न्यावा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, बदललेला असू शकतो.

पॅड झिजल्याचे गाडी स्वतःच सांगते. बऱ्याच पॅडना एक लहान लोखंडी पत्ती असते. अस्तर, म्हणजे पॅडवरचा घासणारा थर, कमी झाले की ती डिस्कला घासते आणि ब्रेक दाबताना, कधी न दाबताही, चिरका आवाज येतो. हा आवाज खरखरीत झाला की अस्तर संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कला खात आहे असे समजावे. त्या अवस्थेत गाडी चालवणे धोक्याचे तर आहेच, शिवाय पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च मिळवण्यासारखे आहे. आवाजाची वाट न पाहता पाहणी करणे केव्हाही चांगले. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर अस्तर असते आणि ते ३ मिलिमीटरवर आले की पॅड बदलावेत. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी जाडी होते. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू उतरत असेल आणि कुठे गळती दिसत नसेल, तरी पॅडच झिजत असण्याची शक्यता मोठी असते.

आता निवडीबद्दल. माळव्याच्या सपाटीवर चोइथराम मंडी ते देवास नाका अशा फेऱ्या करणारी गाडी आणि माल भरून मानपूरच्या पुढे नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारी गाडी यांच्या ब्रेकवर पडणारा ताण सारखा नसतो. भरलेली २,८०० किलोची गाडी ३०० मीटर खाली उतरली तर सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेत २० अंशांवरचे २४ लिटर पाणी उकळीला येईल. इंजिनाच्या आणि हवेच्या विरोधाने त्यातली काही कमी होते, पण चालक न्यूट्रलवर किंवा वरच्या गिअरमध्ये उतरत असेल तर बाकी सगळी पॅड, डिस्क आणि ड्रम यांनाच सोसावी लागते. अस्तर फार तापले की त्यातल्या राळेचे विघटन होऊन वायू सुटतो, पॅड डिस्कवर घसरू लागतो आणि पाय जोरात दाबूनही गाडी थांबत नाही. मानपूरच्या पुढच्या याच उतारावरील गणपती घाटात गाड्यांचे ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यामागे पुष्कळदा हीच उष्णता असते.

म्हणून घाटात जाणाऱ्या मालवाहू गाडीला सेमी-मेटॅलिक, म्हणजे अस्तरात लोखंडाचे तंतू व चुरा असलेले पॅड घ्यावेत, असे माझे मत आहे. ते थोडा आवाज करतात आणि डिस्क जरा जास्त झिजवतात, पण उष्णता चांगली सहन करतात. शहरातच फिरणाऱ्या हलक्या गाडीला सेंद्रिय तंतूंचे, धातू नसलेले पॅड पुरतात. सिरॅमिक पॅड शांत असतात आणि चाकावर काळी धूळ कमी बसते, मात्र चाकाची चकाकी हा मालवाहू गाडीचा प्रश्न नसल्यामुळे त्यांसाठी जादा पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही.

पाकिटावरील किमतीपेक्षा पॅडच्या कडेवरील किंवा पाठीवरील अक्षरे आधी वाचावीत. पुष्कळ पॅडवर एसएई (वाहन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) पद्धतीची दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर थंड स्थितीतील घर्षण दाखवते, तर दुसरे तापल्यानंतरचे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल तर पॅड तापल्यावर ढिला पडतो असा त्याचा अर्थ. जुन्या मूळ पॅडवर जी अक्षरे असतील त्यांच्याच जवळचे पॅड घ्यावेत. फक्त पुढे फार तीव्र पॅड बसवले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो, आणि रिकामी पिकअप पावसात वागवायला आधीच अवघड असते. पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढेल. खरेदी गाडी उघडण्यापूर्वी करावी. गाडी स्टँडवर उभी ठेवून ट्रान्सपोर्ट नगरात दुकाने धुंडाळण्याची वेळ स्वतःवर आणू नये.

साहित्यात जॅक, दोन जॅक स्टँड, चाकाचा पाना, सॉकेटचा संच, शक्य असल्यास टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच कसण्यासाठी), मोठा सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांसाठीचे सिलिकॉन ग्रीस, मजबूत तार, मास्क आणि हातमोजे लागतात. साधे चेसिसचे ग्रीस पिनांना लावू नये. त्याने रबरी टोप्या फुगतात आणि पिना अडकतात.

या कामात सर्वांत मोठा धोका ब्रेकचा नसून जॅकचा आहे. मी पहिल्यांदा हे काम केले ते पावसाळा नुकताच संपल्यावर, घरामागच्या काळ्या मातीच्या अंगणात. वरून कोरडी दिसणारी ती जमीन खाली भुसभुशीत होती. जॅक हळूहळू कलला आणि गाडी खाली आली. काढलेले चाक मी चॅसीखाली आडवे सारून ठेवले होते, म्हणून केवळ डिस्कच्या पत्र्यावर निभावले. तेव्हापासून जागा फरशीची किंवा काँक्रीटचीच निवडतो, आणि तुम्हीही तसेच करावे. गाडी रिकामी असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, पहिला गिअर टाकलेला असावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावलेले असावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. त्यानंतर पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणी जॅक लावून गाडी उचलावी, ती स्टँडवर टेकवावी, हाताने हलवून पाहावी आणि मगच चाक काढावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू जशीच्या तशी जुळलेली राहिली की कोणती क्लिप कुठे होती हा प्रश्न पडल्यास उत्तर समोरच असते. स्टिअरिंग वळवून कॅलिपर बाहेरच्या बाजूला आणावा, खालच्या पिनेचा बोल्ट काढावा आणि रचना तशी असल्यास कॅलिपर वरच्या पिनेवर फिरवून उचलावा. नसल्यास दोन्ही बोल्ट काढावेत. सुटा झालेला कॅलिपर तारेने स्प्रिंगला किंवा चॅसीला बांधून ठेवावा. तो रबरी नळीवर लोंबकळू दिला तर नळीला आतून चीर पडू शकते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

जुने पॅड काढल्यावर लगेच कचऱ्यात टाकू नयेत. या कामात सर्वांत मोलाची माहिती त्यांच्यावरच असते आणि घाईत नेमकी तीच वाया जाते. आतला, म्हणजे पिस्टनकडचा (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याकडचा) पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजला असेल, तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही किंवा पिस्टन मागे येत नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल, तर तो आपल्या खाचेत अडकून बसत आहे किंवा ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत सरकत नाही. पॅड पाचरीसारखा, एका टोकाला पातळ झाला असेल, तर दोन पिनांपैकी एक जाम आहे. एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा फार कमी उरले असतील, तर त्या बाजूचा कॅलिपर किंवा नळी तपासून घ्यावी. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत किंवा बारीक भेगांचा असेल, तर पॅड वारंवार जळण्याइतके तापले आहेत. अशा वेळी चालवण्याची पद्धत किंवा लादलेला माल यांचा हिशेब पाहावा. कारण दूर न करता घातलेले नवे पॅडही तसेच झिजणार. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल पिनांच्या टोप्यांत शिरून कोरडा होतो, त्यामुळे पिन जाम होणे हा दोष मला सर्वांत जास्त वेळा आढळला आहे.

डिस्कवरून नख फिरवून खोल चरे आहेत का ते पाहावे. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. व्हर्निअर कॅलिपर या मोजपट्टीने मोजलेली जाडी त्याहून कमी भरली किंवा भेग दिसली तर डिस्क बदलावी. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, कारण जुन्या व बेनामी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकते. ती क्लीनरने ओली करून कापडाने पुसावी. पिना बाहेर काढून स्वच्छ कराव्यात, ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि त्या बोटाने सहज सरकतात याची खात्री करून घ्यावी.

नव्या जाड पॅडना जागा व्हावी म्हणून पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्यापूर्वी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडावे आणि ती काठोकाठ भरलेली असेल तर सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्यावे, नाहीतर ते बाहेर सांडते. आपण त्याला ऑइल म्हणत असलो तरी ते खनिज तेल नाही; ते गाडीचा रंग खाते, म्हणून सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश, सरळ दाब द्यावा. पिस्टन हलेनासा झाला किंवा त्याच्या टोपीतून ऑइल पाझरताना दिसले, तर तिथेच थांबून कॅलिपर दुरुस्तीला द्यावा. वर भरायचे ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच असावे. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण हवेतील ओलावा शोषल्यावर त्याची मर्यादा १४० अंश धरली जाते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उघड्या राहिलेल्या जुन्या बाटलीतले ऑइल घाटात उतरणाऱ्या गाडीत ओतू नये, ते याच कारणाने.

नवे पॅड बसवताना खाचांतला गंज ब्रशने काढावा, सोबत आलेल्या नव्या क्लिपा लावाव्यात आणि आवाज करणारी पत्ती जुन्या पॅडवर ज्या बाजूला होती त्याच बाजूला येऊ द्यावी. अस्तराला किंवा डिस्कला ग्रीसचे बोटही लागू नये. लागलेच तर डिस्क क्लीनरने पुसावी आणि पॅड बदलून घ्यावा. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर कसावेत. चाकाचे नट आधी हाताने, नंतर समोरासमोरच्या क्रमाने आणि शेवटी गाडी जमिनीवर उतरवून पूर्ण कसावेत.

गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत हळूहळू पुन्हा पुन्हा दाबावे. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पहिल्या काही दाबांत पेडल थेट तळाला जाते. हे विसरून गाडी गिअरमध्ये टाकली तर ती समोरच्या भिंतीवर जाऊनच थांबते. अनेक वेळा दाबूनही पेडल स्पंजासारखे मऊ राहिले तर नळीत हवा शिरली आहे, आणि ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

नवे पॅड लगेच पूर्ण पकडत नाहीत. सकाळी लवकर, सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद आणि मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीने ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करावा आणि दोन वेळांच्या मधे अर्धा-एक मिनिट गाडी चालू ठेवून डिस्क थंड होऊ द्यावी. असे सुमारे दहा वेळा करावे. डिस्क तापलेली असताना ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवू नये. पहिले २००-३०० किलोमीटर पूर्ण माल भरून घाटात जाणे टाळावे आणि १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा तपासावेत.

जुन्या चार पॅडच्या पाठीवर रंगाने तारीख, किलोमीटर आणि जागा लिहून ठेवावी: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. पुढच्या वेळी चाक उघडल्यावर ते नव्या झिजलेल्या पॅडशेजारी ठेवून पाहिले की पिना मोकळ्या झाल्या होत्या की नाहीत ते मिनिटभरात कळते.